फॅरडेच्या वहीतलं इंग्रजी

मायकेल फॅरडेच्या प्रयोगवहीतलं २९ ऑगस्ट १८३१ या तारखेचं पान मी शास्त्राचा दस्तऐवज म्हणून वाचलंच, पण त्याहून जास्त वेळा उत्तम गद्य म्हणून वाचलं आहे. चुंबकत्वाच्या आधाराने तारेत वीज उठवता येते, हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याला त्या दिवशी दिसलं. आपल्या घरी येणारी वीज ज्या जनित्रात तयार होते आणि वाटेत ज्या रोहित्रांतून उतरत येते, त्या दोहोंचं मूळ या पानात आहे. पण शोध लागल्याची घोषणा या पानावर कुठेही नाही. लोखंडाचं एक कडं आहे, तांब्याची तार आहे, सुतळी आहे, मांजरपाट आहे.

कड्याची जाडी सात अष्टमांश इंच, बाहेरचा व्यास सहा इंच. कड्याच्या एका बाजूवर तारेचे तीन तुकडे गुंडाळलेले, प्रत्येक सुमारे २४ फुटांचा. वेढ्याला वेढा टेकू नये म्हणून मध्ये सुतळी आणि कापड. दुसऱ्या बाजूवर तशीच एकूण ६० फूट तार. या दुसऱ्या बाजूची टोकं जोडून ती तार कड्यापासून तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेलेली. मग पहिल्या बाजूची तार बॅटरीला जोडली. सूची तत्काळ हलली. हेलकावे खात शेवटी मूळ जागी स्थिरावली. बॅटरीची जोडणी तोडली, तेव्हा ती पुन्हा विचलित झाली. एवढाच मजकूर.

या मजकुराचा आस्वाद घ्यायचा तर आधी त्यातली क्रियापदं पाहावीत. करून घेतलं, गुंडाळली, जोडली, तोडली: सगळी हाताची क्रियापदं आहेत आणि बहुतेक वाक्यांत ‘मी’ हा कर्ताच गाळलेला आहे. इंग्रजीला कर्त्यावाचून करमत नाही, तरीही फॅरडेच्या वहीत तो सहज गळून पडतो. हात दिसतात, माणूस दिसत नाही. सूची हलते त्या क्षणी तर हातही बाजूला होतात आणि वाक्याचा ताबा सूचीकडे जातो. कोणी पाहिलं, कोणाला काय वाटलं, याची दखल नाही. ही नम्रता त्याच्या स्वभावातली असेलच, पण मला ती लेखनातली शिस्त म्हणून जास्त भावते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सूची मूळ जागी येऊन थांबली, हे सांगताना त्याने ‘शेवटी’ या अर्थाचे दोन छोटे शब्द मध्ये टाकले आहेत. त्या दोन शब्दांत वाट पाहणारा डोळा आहे. जोडणी केल्यावर काही क्षण त्याने सूचीवरून नजर काढली नाही, तिचा शेवटचा हेलकावा विरेपर्यंत तो थांबला, हे त्या शब्दांवरून कळतं. आणि याच थांबण्यात सगळं दडलं होतं. त्या काळी जो तो अखंड वाहणारा प्रवाह शोधत होता: इथे प्रवाह सुरू आहे, तर तिथेही तो सुरूच राहायला हवा. त्या अपेक्षेने पाहिलं तर सूचीचं परत येणं म्हणजे निव्वळ अपयश. फॅरडेने जाणं आणि परत येणं दोन्ही सारख्याच वजनाने लिहून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्याने वहीत एक प्रश्न टाकला: फिरत्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबक ओढला जातो हे आरागोने दाखवलं होतं, त्याचा आणि या क्षणिक परिणामांचा काही संबंध असेल का? क्षणिकपणा हाच नियमाचा गाभा आहे, बदल होत असतो तेवढाच वेळ वीज उठते, या निष्कर्षाकडे तो विशेषणं न वापरता, एक प्रश्नचिन्ह वापरून सरकला.

या आधीची पानंही पाहण्यासारखी आहेत. १८२५च्या नोव्हेंबरात त्याने असेच काही प्रयोग केले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. ते काही न लागणं त्याने जसंच्या तसं नोंदवलं आहे. हळहळ नाही की पुढच्या वेळेची आशा नाही. यशाच्या पानाचा आणि अपयशाच्या पानाचा सूर इतका एकसारखा आहे, की तारखा झाकल्या तर भाषेवरून दोन्हींत फरक करता येणार नाही. एखाद्या लेखकाला असा सूर आयुष्यभर सांभाळता आला, तर तेवढ्यावर मी त्याला मोठा म्हणेन.

मात्र पत्रात तो मोकळा होतो. २३ सप्टेंबर १८३१ला रिचर्ड फिलिप्स या मित्राला त्याने लिहिलं की आपल्या हाताला काहीतरी चांगलं लागलं आहे असं वाटतंय, पण खात्री नाही; एवढ्या मेहनतीने वर ओढल्यावर मासा निघायच्या ऐवजी पाणवनस्पतीही निघेल. वहीत जी उपमा त्याने कधी येऊ दिली नसती, ती पत्रात बिनदिक्कत येते. कुठे काय बोलावं याचं हे भान फार दुर्मीळ. त्यानंतर कामाला वेग आला. १७ ऑक्टोबरला पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर सारून त्याने सूची हलवली. २८ ऑक्टोबरला रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारा प्रवाह मिळवला. २४ नोव्हेंबरला सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. छापील निबंधातलं इंग्रजी जड आहे, सभेचे रीतिरिवाज पाळणारं आहे. मला वहीच जवळची वाटते.

हे इंग्रजी त्याला वारशाने मिळालं नव्हतं. १७९१ साली लोहाराच्या घरात जन्मलेला, चौदाव्या वर्षी ब्लँडफोर्ड स्ट्रीटवरच्या रीबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकायला लागलेला हा मुलगा. शाळा नावापुरती झालेली. बांधायला आलेली पुस्तकं वाचून त्याची भाषा वाढली. १८१२ मध्ये बेंजामिन अ‍ॅबट या मित्राशी त्याने पत्रव्यवहार सुरू केला, तो मुख्यतः लिहायला शिकण्यासाठी. पुढे चार-पाच मित्रांचं टोळकं जमवून एकमेकांना निबंध लिहून दाखवण्याचा परिपाठ ठेवला. वक्तृत्वासाठी बेंजामिन स्मार्ट या शिक्षकाच्या तासांना पैसे मोजून बसला. महाराष्ट्रात कित्येकांनी इंग्रजी असंच मिळवलं आहे, मोठेपणी आणि कष्टाने. मातृभाषाच असूनही फॅरडेला ते तसंच मिळवावं लागलं. म्हणूनच असेल, प्रत्येक शब्द हातात घेऊन, वजन पाहून मगच ठेवल्यासारखं त्याचं गद्य वाटतं. कष्टाने कमावलेला शब्द माणूस उधळत नाही.

शब्दांच्या बाबतीत तो किती काटेकोर होता, हे पाहायला १८३४ची पत्रं वाचावीत. फॅरडेच्या आयुष्यातलं मला सर्वांत प्रिय प्रकरण तेच. द्रवातून वीज सोडली की त्याचे घटक सुटे होतात, यावर तो काम करत होता. द्रवात बुडवलेल्या दोन पट्ट्यांना तेव्हा ‘पोल’ म्हणजे ध्रुव म्हणत. ध्रुव म्हटलं की ओढून घेणं आलंच. पण फॅरडेने धातूची पट्टी द्रावणाला न टेकवता, मधल्या हवेतून वीज पाठवून विघटन घडवून दाखवलं होतं. जिथे ओढणारा कोणी नाही तिथेही घटक सुटतात, तर मग ध्रुव हा शब्द खोटं बोलतो. ‘करंट’ या शब्दाबद्दलही त्याची तक्रार होती: रोजच्या बोलण्यात या शब्दाला पाण्याच्या वाहण्याचा अर्थ इतका चिकटलेला, की तो झटकून काढणं अवघड. वीज खरोखर वाहते का, कोणत्या दिशेने वाहते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते शब्दाने आधीच सांगून टाकू नये, हा त्याचा आग्रह.

म्हणून एप्रिल महिन्यात त्याने केंब्रिजला विल्यम ह्यूएल यांना पत्र घातलं. ह्यूएल ट्रिनिटी कॉलेजातले पंडित, ग्रीकचे उत्तम जाणकार. ‘सायंटिस्ट’ हा शब्द त्यांनीच घडवला आणि तो याच १८३४ साली पहिल्यांदा छापून आला. फॅरडेने त्यांना आपली अडचण सांगितली आणि दिशा ठरवण्याची एक युक्तीही सांगितली. पृथ्वीचं चुंबकत्व जर तिच्याभोवती फिरणाऱ्या विजेमुळे असेल, तर ती वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्य जातो तशी जात असली पाहिजे. आता प्रयोगाचं भांडं त्याच दिशेत ठेवलं आहे असं समजू. वीज ज्या बाजूने आत शिरते ती सूर्योदयाची, जिथून बाहेर पडते ती सूर्यास्ताची. त्यावर ह्यूएल यांनी ‘अ‍ॅनोड’ आणि ‘कॅथोड’ सुचवले, ग्रीकमध्ये वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. पुढच्या पत्रात त्या दोन दिशांना जाणारे ते ‘अ‍ॅनायन’ आणि ‘कॅटायन’, आणि दोघांना मिळून ‘आयन’, म्हणजे जाणारा. ‘इलेक्ट्रोड’ आणि ‘इलेक्ट्रोलाइट’ हे शब्द फॅरडेने डॉ. निकोल या स्नेह्याच्या मदतीने आधीच तयार केले होते.

शाळेत आपण अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं पाठ केलं, तेव्हा त्या शब्दांत सूर्य उगवतो आणि मावळतो हे कोणी सांगितलं नाही. पण सौंदर्याहून त्यातला सावधपणा मला जास्त मोलाचा वाटतो. वीज धन असो की ऋण, एक प्रवाह असो की दोन, काहीच नसून नुसती अवस्था असो, उद्या जे काही सिद्ध होईल त्याने हे शब्द खोटे पडू नयेत, अशी ती रचना होती. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांत ऋणभारित कण दाखवले. तारेत जे सरकतं ते मानलेल्या दिशेच्या उलट सरकतं, हे त्यातून पुढे स्पष्ट झालं, तरी अ‍ॅनोड आणि कॅथोड या नावांना धक्का लागला नाही. अज्ञानाला जागा ठेवून घडवलेले शब्द असे टिकतात.

१५ मेच्या पत्रात फॅरडेने ह्यूएल यांना पुढची हकिकत कळवली. इथल्या लोकांनी नव्या शब्दांवर कडाडून आक्षेप घेतले, आणि गाढव घेऊन बाजाराला निघालेल्या बापलेकांसारखी, सगळ्यांना खूश करू पाहणाऱ्यांची गत आपली झाली. पण तुमच्या नावाची ढाल पुढे धरताच विरोधाचा सूर कसा वितळला ते पाहण्यासारखं होतं. एवढा मोठा प्रयोगकर्ता, पण शब्दांच्या प्रांतात दुसऱ्याचा अधिकार तो इतक्या आनंदाने मान्य करतो! तरीही कान मात्र त्याचा स्वतःचा. १८४०मध्ये ह्यूएल यांनी ‘फिजिसिस्ट’ हा शब्द काढला, तेव्हा फॅरडेने तो वापरायला नकार दिला. एका शब्दात तीन-तीन इकार, तोंडाला आणि कानाला फार अवघड, असं त्याने कळवलं. स्वतःला तो जुन्या चालीप्रमाणे ‘फिलॉसॉफर’ म्हणवून घेत राहिला.

आणि हीच पदवी तो मुलांनाही देत असे. १८६०च्या नाताळात सुरू झालेली मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं पुढच्या वर्षी विल्यम क्रूक्सने पुस्तकरूपाने छापली. ती वाचताना ऐकू येतं ते बोलतं इंग्रजी: पाहा, आता असं करतो, इथे लक्ष द्या. मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते, याचं त्याने केलेलं वर्णन मला पाठ झालं आहे. ज्योतीमुळे वर ओढली जाणारी हवा मेणाच्या कडेला थंड ठेवते, म्हणून कड उभी राहते आणि मधलं मेण वितळून साचतं. नक्षीदार, वेड्यावाकड्या कडांच्या मेणबत्त्या दिसायला देखण्या, पण त्यांची वाटी नीट जमत नाही आणि त्या ओघळतात. दिखाऊपणावरचं सगळं भाष्य यात येऊन जातं, पण फॅरडे ते उपदेश म्हणून वाढवत बसत नाही. मग तो ज्योतीवर कागदाचा तुकडा आडवा धरतो: जळल्याचं वर्तुळ उमटतं, मधला भाग जवळजवळ कोरा. ज्योत आतून थंड आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही, कागद सांगतो. वाकडी काचनळी ज्योतीच्या मध्यात धरून तिथली वाफ दुसऱ्या टोकाशी आणतो आणि तिथे ती पेटवून दाखवतो. मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते, हे वाक्य त्यानंतर आपसूक येतं. वहीत जी शिस्त होती तीच इथे आहे. आधी वस्तू, मग कृती, आणि अर्थ सर्वांत शेवटी. काही नवीन घडलं की हे का झालं असं विचारायचं, एवढीच त्याची मुलांकडून मागणी. त्या मागणीसाठीच त्यांना फिलॉसॉफरचं मानाचं पद.

असा माणूस कल्पनेत भरारी घेत नसेल, असं कोणाला वाटेल. त्याने १८४९च्या मार्चमधलं एक पान जरूर पाहावं. गुरुत्वाकर्षणाचा विजेशी काही संबंध असलाच पाहिजे, हा विचार फॅरडेला सोडत नव्हता. तो पानामागून पान लिहीत जातो, वाक्यं लांबतात, वेग वाढतो. वहीत एरवी न दिसणारा आवेग इथे दिसतो. आणि मग तो स्वतःच लिहितो की हे सारं स्वप्न आहे. पण तिथेच थांबत नाही: तरीही काही प्रयोगांनी याची परीक्षा करू या, निसर्गनियमांशी जुळत असेल तर कोणतीही गोष्ट खरी असण्याइतकी अद्भुत असू शकते, आणि ते जुळतं की नाही याची सर्वांत चांगली कसोटी प्रयोगच. उत्कट कवीपणा आणि निष्ठुर परीक्षकपणा एकाच परिच्छेदात, एकमेकांचा अपमान न करता नांदतात, असं मी फारसं कुठे वाचलेलं नाही. त्याने वजनं उंचावरून सोडून पाहिली. काहीच सापडलं नाही. ते काही न सापडणंही त्याने छापून दिलं आणि सोबत हेही लिहिलं की संबंध आहे ही आपली भावना मात्र ढळलेली नाही. पुरावा नाही, एवढंच.

त्याला गणित येत नव्हतं. त्याचे शब्द हीच त्याची समीकरणं होती. चुंबकाभोवती लोहकीस ज्या रेषा काढतो त्या त्याला नुसत्या खुणा वाटत नव्हत्या; अवकाशात काही खरोखर ताणलेलं आहे असं तो मानत होता, आणि १८४५च्या नोव्हेंबरात त्याच्या वहीत त्यासाठी ‘फील्ड’ हा शेताशिवाराचा साधा शब्द आला. तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेलने याच शब्दांना गणिताचं रूप दिलं. १८५७ मध्ये फॅरडेने त्याला पत्रात विचारलं, की गणितज्ञ आपल्या निष्कर्षाला पोहोचल्यावर तेच निष्कर्ष आपल्यासारख्यांसाठी चित्रलिपीतून काढून साध्या भाषेत, तितक्याच स्पष्टपणे, मांडता नाही का येणार, म्हणजे त्यावर आम्हालाही प्रयोग करता येतील? सहासष्ट वर्षांचा म्हातारा सव्वीस वर्षांच्या पोराला हे विचारतो आहे. त्यात दीनवाणेपणा मुळीच नाही. साध्या भाषेवरच्या त्याच्या गाढ विश्वासाचा तो परिपाक आहे. आणि मॅक्सवेलने त्या विश्वासाचा मान ठेवला. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सांगितलं आहे, की फॅरडेचं लेखन पुरतं वाचून होईपर्यंत या विषयावरचं गणित वाचायचंच नाही असं आपण ठरवलं होतं.

फॅरडेवर लिहिणाऱ्यांची इंग्रजी शब्दकळा वेगळी. १८६७ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी जॉन टिंडलचं पुस्तक आलं. त्यात फॅरडे हा जगाने पाहिलेला सर्वांत मोठा प्रायोगिक तत्त्वज्ञ ठरतो. टिंडल त्याचा सहकारी, प्रेमाने लिहितो, आणि त्याचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही. तरी जीनियस, महान, युगप्रवर्तक या शब्दांच्या रांगेत फॅरडे मला दिसेनासा होतो. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारताना ज्याने शेवटपर्यंत साधा मायकेल फॅरडे राहण्याची इच्छा याच टिंडलजवळ बोलून दाखवली, त्याच्याबद्दल बोलताना आपणही हात आणि डोळे यांची क्रियापदं वापरावीत, असं मला वाटतं.

मॅक्सवेलला हे साधलं. फॅरडेवर त्याने लिहिलेल्या छोट्या चरित्रलेखात एक कोरडी नोंद आहे: १८६२ मध्ये, अखेरच्या प्रयोगकामात, फॅरडेने ज्योत बलवान चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून तिच्या वर्णपटातल्या रेषांत काही फरक पडतो का ते पाहिलं आणि तो दिसला नाही. चरित्रकाराने गाळावी अशीच ही नोंद. म्हातारपणीचा प्रयोग, हाती शून्य. मॅक्सवेलने ती ठेवली, वहीतल्याच सुरात. त्या प्रयोगानंतर तीस-पस्तीस वर्षांनी नेदरलँड्समधल्या लायडनला पीटर झीमनने ती वाचली. फॅरडेसारख्याला ही शक्यता सुचली होती, तर आताच्या चांगल्या उपकरणांनी ती पुन्हा तपासून पाहणं योग्य ठरेल, असं त्याच्या मनात आलं आणि तसं त्याने आपल्या निबंधात लिहिलंही. १८९६ मध्ये त्याने सोडियमची ज्योत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरली. चुंबक चालू करताच वर्णपटातल्या दोन्ही रेषा रुंदावल्या.